बाईंनी ठेवायला दिलेल्या पाच वह्या

तुमसर रोडच्या फलाटावर बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. आई लाखोळीच्या डाळीचं गाठोडं खिडकीतून आत ढकलत होती, धाकटा भाऊ नामदेव डब्याच्या दांड्याला लोंबकळत होता, आणि बाबा रुळांपलीकडच्या मँगनीजच्या ढिगाकडे बघत होते. गाडीने शिटी दिली तेव्हा ते वळले.

"पक्का होऊन येजो, यशवंता," ते म्हणाले. "कच्चा असशीन तवरिक तोंड नोको दाखवू."

रागाने म्हणाले नाहीत. खाणीवर त्यांची सगळी उमर रोजंदारीत गेली होती. काम आहे की नाही हे त्यांना सकाळी फाटकावर गेल्यावरच कळायचं. पक्की नोकरी हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेत. मी तेव्हा तिशीला आलो होतो. जिच्याशी माझं जुळत होतं त्या इंदूच्या वडिलांनी निरोप दिला होता की पोरगं पक्कं झालं की लग्नाची तारीख काढू, त्याआधी नाही. गाडी हलली, नामदेव थोडा पळत आला, आणि मग तोही मागे राहिला.

नामदेवा, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. आणि त्याच गाडीने माझ्या आधी-मागे आलेल्या, आज इथे भिलाईच्या सेक्टरांमध्ये पोराबाळांसह राहणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही. तुम्ही गणपतीत मला पुढच्या खुर्चीवर बसवता. हे वाचून झाल्यावर बसवायचं का, ते तुम्ही ठरवा.

भिलाई तेव्हा गाव राहिलं नव्हतं आणि शहर झालं नव्हतं. लाल मुरूम, त्यावर ट्रकांच्या चाकोऱ्या, आणि मध्येच आभाळात घुसलेले लोखंडाचे सांगाडे. झाड दिसायचं नाही. दिवस मावळला की पोलादाच्या कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबडं व्हायचं आणि तसंच राहायचं. पहिल्या संध्याकाळी मी दामाजीला विचारलं, "काही जळून राहिलं काय तिकडं?"

"जळून नाई राहिलं बे, बनून राहिलं," तो म्हणाला. "सवय कर. इथं दोन्ही सारकंच दिसते."

दामाजी आमच्या शेजारच्या गावचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आडव्या बांध्याचा, कायम कोणाची ना कोणाची फिरकी घेणारा. त्यानेच मला कामाला लावलं. पण कारखान्यात नाही. शेड उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे, फिटर म्हणून. म्हणजे मी कच्चाच होतो. ठेकेदाराचं काम संपलं की आमचंही संपणार. कारखान्यात पक्क्या भरतीसाठी फिटरांची नावं मागवली जात, आणि कोणाचं नाव पाठवायचं ते ठेकेदाराचा मॅनेजर ठरवी. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघून दिवस काढत होतो.

त्या मॅनेजरनेच रशियन शिकण्याचा वर्ग सुरू केला. कारखान्यावर रशियन तज्ज्ञ होते, आमची शेडं ते तपासत, आणि त्यांचं बोलणं कळायला दरवेळी दुभाषी मिळत नसे. पंधरावीस माणसांना कामापुरतं कळलं तर वेळ वाचेल, असा हिशेब. पाळी सुटल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. आम्ही चौदा जण. शिकवायला दुर्गहून सुमनबाई यायच्या.

सुमनबाई नागपूरच्या. पस्तिशीच्या आसपास, उंच, आवाज जरा घोगरा. दुर्गला त्यांचे भाऊ रेल्वेत गार्ड होते, त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्या शेडमध्ये पाय ठेवण्याआधीच त्यांच्याबद्दल सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. त्या भाऊसाहेबांच्या पत्नी. भाऊसाहेब म्हणजे मजुरांचे पुढारी, देशभर नाव असलेले. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत कुठेही संप झाला की पेपरात त्यांचं नाव यायचं. तेव्हा ते दिल्लीत असायचे, नाहीतर दौऱ्यावर, नाहीतर तुरुंगात.

"एवढ्या मोठ्या मानसाची बायको आपल्याले कावून शिकवते?" मी दामाजीला विचारलं.

"मोठ्या मानसाच्या घरी चूल नाई पेटत काय? अन तिले शिकवल्याशिवाय ते कशी पेटीन?"

खरंच तसं होतं. भाऊसाहेब तीन वर्षं तुरुंगात असताना बाईंनी शाळेत मराठी शिकवून घर चालवलं. पुढे दिल्लीत असताना, नवरा सभांना जाई तेव्हा रिकामं बसवेना म्हणून त्या रशियन शिकल्या. हे त्यांनीच एकदा आम्हाला सांगितलं, वर्गातला दिवा बिघडला होता आणि वाचता येत नव्हतं तेव्हा. "त्यांच्या सभेला हजारो लोक येतात," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गाला चौदा. पण माझे चौदा दुसऱ्या दिवशी परत येतात." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी आम्हाला सगळ्यांत आधी शिकवलेला शब्द नमस्काराचा नव्हता. "नेल्झ्या" हा होता. म्हणजे करायचं नाही, मनाई आहे. "साहेब नमस्कार म्हणाला आणि तुम्हाला कळलं नाही तर कोणी मरत नाही," त्या म्हणाल्या. "हा शब्द कळला नाही तर मराल."

दर शनिवारी एक पान लिहायचं. 'या आठवड्यात मी काय पाहिलं.' जमेल तेवढं रशियनमध्ये, अडलं तिथे मराठी नाहीतर हिंदी. अट एकच, मनातलं रचून लिहायचं नाही. पाहिलं तेच. दामाजीने पहिल्या शनिवारी मेसमधल्या भातात सापडलेल्या खड्यांवर पानभर लिहिलं. बाईंनी लाल शाईने खाली शेरा मारला, 'उत्तम. खडे किती मोठे ते लिहिले नाही.' माझं अक्षर बरं होतं म्हणून वह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. बाई मला मॉनिटर म्हणायच्या. तिशीच्या माणसाला मॉनिटर. पोरं चिडवायची, पण मला आतून बरं वाटायचं. मी चौथीनंतर शाळा सोडलेली, आणि एवढं शिकलेली बाई मला नावाने ओळखत होती.

उन्हाळा संपता संपता ती गोष्ट घडली.

दुपारपासून वावटळी सुटल्या होत्या. आमचं काम जमिनीपासून सत्तर-ऐंशी फुटांवर चाललं होतं. आम्ही पाच जण वर्गातले, आणि सहावा सुकालू. सुकालू इथलाच छत्तीसगढी, जवळच्या गावचा. त्याला लिहिता येत नव्हतं, तो वर्गात नव्हता. चारच्या सुमाराला म्हातारा रशियन तज्ज्ञ खाली आला, वर बघून त्याने दोन्ही हात हलवले आणि ओरडला, "नेल्झ्या! नेल्झ्या!" आम्ही उतरलो. तो थांबला, आम्ही सगळे खाली आल्याचं त्याने मोजून पाहिलं आणि गेला.

अर्ध्या तासाने मॅनेजर आला. दुसऱ्या दिवशी तो भाग पुरा दाखवायचा होता. "वो तो बोलके चला गया," तो म्हणाला, "जवाब मुझे देना है. चलो ऊपर." दामाजी म्हणाला, साहेब, हवा पाहा. मॅनेजर म्हणाला, जिसको डर लगता है वो हिसाब लेके घर जाए.

आम्ही वर गेलो. सुकालू माझ्यापासून दोन हातांवर होता. वाऱ्याचा एक झपाटा आला, मी खांबाला मिठी मारली, डोळ्यांत धूळ गेली. डोळे उघडले तेव्हा तिथे सुकालू नव्हता. ओरडला नाही तो. खाली पत्र्यावर आवाज झाला तेवढाच.

दोन दिवसांनी ठेकेदाराकडून असं सांगण्यात आलं की सुकालू दारू पिऊन, कोणी न सांगता, आपल्या मनाने वर चढला होता. त्याची बायको फाटकापाशी दोन दिवस बसून होती. कोणी तिला काही दिलं नाही, कारण चूक त्याचीच होती.

तो शनिवार आला. बाईंनी फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं, 'या आठवड्यात मी काय पाहिलं', आणि आमच्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही पाच जणांनी लिहिलं. एकमेकांशी न बोलता, पाचही जणांनी तेच लिहिलं. मीसुद्धा. चार वाजता साहेब नेल्झ्या म्हणाला. साडेचारला मॅनेजरने वर पाठवलं. सुकालू दारू प्यायला नव्हता, माझ्यासोबत त्याने शिदोरी खाल्ली होती.

बाईंनी पाचही वह्या उभ्यानेच वाचल्या. मग मला थांबवून घेतलं.

"पंधरा दिवसांनी भाऊसाहेब येताहेत इथे, सभेला," त्या म्हणाल्या. "ह्या त्यांच्या हातात देईन. पाच माणसांनी एकाच दिवशी लिहिलेलं आहे, तारखेसकट. कोर्टात टिकेल. तोवर तुझ्या पेटीत ठेव, यशवंत. माझ्या घरी सारखी त्यांची माणसं येतात-जातात. तिथे काही सुरक्षित नसतं. माझंसुद्धा."

वह्या माझ्याकडे आहेत हे फक्त बाईंना ठाऊक होतं. बाकीच्यांना एवढंच माहीत होतं की त्या बाईंकडे आहेत. पण दामाजीच्या पोटात काही राहत नसे. चहाच्या टपरीवर तो बोलून गेला, "दारू पेला म्हनतेत ना? थांबा. लिवून ठेवलं हाय आमी. भाऊसाहेब येऊ द्या."

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. एकट्याला. टेबलावर भरतीची यादी होती, त्यात माझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्याने यादी माझ्याकडे वळवून ठेवली.

"पेन्सिल से है," तो म्हणाला. "पेन से भी हो सकता है." मग, "मॉनिटर तुम हो ना? कापियाँ तुम्हीं जमा करते हो."

मी म्हटलं, वह्या बाईंच्या आहेत.

"यशवंत, तुम समझदार आदमी हो. वो लीडर की बीवी है. उसका कुछ नहीं बिगड़ेगा. ऐसे लोगों का कभी कुछ बिगड़ता है? बिगड़ेगा तुम्हारा."

मला खोटं बोलायचं नाही. त्याने मारलं नाही, धमकावलंही नाही. चहा दिला. मी कोठडीत आलो, पेटी उघडून बसलो, आणि तेव्हा मला खरोखर त्याचंच म्हणणं पटलं. मोठ्या माणसाच्या बायकोला काही होत नाही. आपण सगळे असंच समजतो. पुढाऱ्याच्या घरावर कोणतीही गोष्ट आपटली तरी त्या घराला तडा जात नाही, असं आपण धरून चालतो. त्या समजुतीवर भार टाकून मी वह्या उचलल्या आणि मॅनेजरकडे गेलो.

मॅनेजरने एकेक वही उघडून पाहिली. माझी शेवटची होती. "तुमने भी लिखा है," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "अपना पन्ना फाड़ो."

मी माझ्या हाताने माझं पान फाडलं. त्याने ते घेतलं, काडी ओढली आणि पेटवून अ‍ॅश-ट्रेमध्ये ठेवलं. बाकीच्या चार वह्या त्याने कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग खिशातून पेन काढलं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी मला दुर्गला बोलावलं. भाऊसाहेब सकाळच्या गाडीने आले होते. क्वार्टरच्या अंगणात दहापंधरा माणसं बसलेली, आत कोणीतरी टाइप करत होतं. भाऊसाहेबांना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. थकलेले, खादीचा सदरा चुरगळलेला, पायांत सूज. मला बघून म्हणाले, "बस ना भाऊ, चहा घे," आणि पुन्हा लोकांकडे वळले. बाई मला मागच्या दारी, मोरीपाशी घेऊन गेल्या.

"आणल्यास?"

मी वाटेभर ठरवत आलो होतो की सांगेन, हरवल्या. चोरीला गेल्या. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते टिकलं नसतं. तोंडातून दुसरंच निघालं.

"परवाच दिल्या की बाई. भाऊसाहेबांचा मानूस जीप घेऊन आला होता. चिठ्ठी होती."

"कोणाची चिठ्ठी?"

"भाऊसाहेबांची. सही होती."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सापडलो. पण त्यांचा चेहरा माझ्याकडे बघून बदलत नव्हता, तो पुढच्या अंगणाकडे बघून बदलत होता. तिथून भाऊसाहेबांचं हसणं ऐकू येत होतं.

"असं," त्या म्हणाल्या. "बरं. तू जा. आणि वह्या तुझ्याकडे होत्या हे कोणाला सांगू नकोस. तुझी भरती अडेल."

ते शेवटचं वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब मजुरीच्या मागण्यांवर बोलायला ठेकेदाराच्या बंगल्यावर गेले, तिथेच जेवले. बंगल्याच्या पायरीवर दोघांनी हात मिळवल्याचं शंभर लोकांनी पाहिलं. संध्याकाळी मैदानात सभा झाली. आभाळ रोजच्यासारखं तांबडं झालेलं, पाठीमागे भोंगा. भाऊसाहेब तासभर बोलले. सुकालूबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की चौकशीची मागणी आपण करू. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच. ते मला माहीत होतं, आणि त्या गर्दीत फक्त मलाच.

दामाजी उभा राहिला. "वह्या कोठी गेल्या?" तो ओरडला. "बाईपाशी देल्ल्या होत्या आमी! कोठी गेल्या?"

भाऊसाहेबांना काही समजलं नाही. त्यांनी वळून बाईंकडे पाहिलं. बाई मंचावर, मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. एवढंच पुरलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बंगल्यावर जेवला, तवाच समजलं." मग हशा झाला. तसला हशा मी पुन्हा ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. मी दामाजीच्या शेजारी उभा होतो.

आठवड्याभरात ठेकेदाराने दामाजीसकट चौघांना काढलं. वर्ग बंद झाला. बाई शेवटच्या वेळी आल्या तेव्हा शेडच्या दारात दामाजी उभा होता.

"बाई, तुमी आमाले विकलं," तो म्हणाला. "नवऱ्याच्या खुर्चीपायी विकलं. त्यापेक्षा शिकवलंच नसतं तं बरं झालं असतं."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. 'वह्या यशवंतकडे होत्या.' त्या बोलल्या नाहीत. खडूची डबी पिशवीत घातली आणि दुर्गला जाणाऱ्या ट्रकच्या दिशेने चालत गेल्या.

दामाजीला गाडीत बसवायला मी गेलो होतो. त्याने मला मिठी मारली. "तुया वहीत ते पान नाई निंगालं म्हने," तो म्हणाला. "वाचला तू. बरं झालं गड्या, एक तरी पक्का झाला आपल्यातला. लग्नाले बलाव." मी त्याला बोलावलं. तो आला. माझ्या वरातीत तो सगळ्यांत जास्त नाचला.

मग सगळं होत गेलं. नोकरी, इंदू, सेक्टर दोनमधलं क्वार्टर, दोन मुलं. बाबा आले तेव्हा त्यांनी नळ उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडून पाहिला. भिंतीला हात लावून म्हणाले, "पक्कं हाय." चार महिन्यांनी गेले. समाधानाने गेले, असं आपण सगळे म्हणतो. मुलं आता आपसात हिंदी बोलतात, माझ्याशी मराठी, तीही अडखळत. जिथे मुरूम होता तिथे रस्ते आले, झाडं आली. पण संध्याकाळी आभाळ तांबडं झालं की मी दारं-खिडक्या लावून घेतो. इंदू म्हणते, घुसमटते, उघडा. मी धुळीचं कारण सांगतो.

बाईंबद्दल कानावर यायचं. नागपूरला मुलींच्या शाळेत आहेत. नवऱ्यापासून वेगळ्या राहतात. तेव्हा सगळ्यांना ते साहजिक वाटलं, असल्या माणसाबरोबर कोण राहील. भाऊसाहेब पुढे लोकसभेत गेले. पेपरातल्या त्यांच्या फोटोंत शेजारी कधी कोणी दिसलं नाही. मी ते फोटो निरखून बघायचो आणि पेपर उलटा ठेवायचो.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर सिविक सेंटरमध्ये दाढी करायला बसलो होतो. न्हाव्याने पेपर पुढे केला. भाऊसाहेब दिल्लीत वारले होते. बातमी मोठी होती. जन्म, तुरुंगवास, संप, भाषणं. शेवटी एक ओळ, 'गेली अनेक वर्षे ते एकटेच राहत असत.' अर्धी दाढी झालेली तशीच मी उठलो. न्हावी म्हणाला, "क्या हुआ, काका?"

तेरावा होऊन गेल्यावर मी नागपूरला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. बाईंचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "यशवंत," त्या म्हणाल्या, लगेच. "ये. त्यांच्यासाठी आलास का?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅनेजर, यादी, पेन, फाडलेलं पान. माणूस आला नव्हता. जीप नव्हती. चिठ्ठी नव्हती.

"सही होती, म्हणाला होतास," बाई म्हणाल्या.

"खोटं होतं."

त्या खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू बसल्या. बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं.

"त्या दिवशी सभेनंतर मी त्यांना विचारलं," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, कोणत्या वह्या? मी म्हटलं, मला फसवू नका. शपथ घेतली त्यांनी, माझ्या डोक्यावर हात ठेवून. मी तो हात बाजूला केला. म्हटलं, पुढाऱ्याची शपथ. मग दरवर्षी पत्र यायचं. त्यात इकडचं-तिकडचं, आणि शेवटी एक ओळ, मी त्या वह्या पाहिल्याही नाहीत, सुमन. शेवटचं पत्र माघात आलं. अक्षर हललेलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

मला रडू आलं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो.

"नको," त्या म्हणाल्या, आणि पाय मागे घेतले. "रडू नकोस इथे. तुझं रडणं बघायला मला वेळ नाही, यशवंत. मला आता सगळं पहिल्यापासून परत लावायचं आहे. प्रत्येक वर्ष. प्रत्येक पत्र. तू जा." मी दारापर्यंत गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुला वाचवलं होतं, तेव्हा. मला वाटलं, पोराचा काय दोष."

परत येताना मी तुमसर रोडला उतरलो. घरी गेलो नाही, नामदेवा, तुझ्या दारावरून पुढे गेलो. दामाजीकडे गेलो. तो बैलाचा दोर वळत बसला होता. मला बघून उठला, वहिनीला हाक मारली, "पक्के साहेब आले हो! पानी आन!" पाणी आलं. मी प्यालो, आणि मग सांगितलं. सांगून होईपर्यंत त्याचे हात दोर वळत राहिले.

"म्हंजे बाईनं नाई विकलं," तो म्हणाला.

"नाई."

"भाऊसाहेबानंही नाई."

"नाई."

"अन मी तुया वरातीत नाचलो." त्याने दोर खाली ठेवला. "पानी पेला ना? मंग आता जाय. अन एक कर. मी बाईले चारचौघात शिव्या देल्ल्या. तू चारचौघात सांग. माया एकट्यापाशी सांगून नाई भागत. सुकालूच्या बायकोले पयले सांग."

सुकालूच्या बायकोकडे मी मागच्या रविवारी गेलो. ती आता पोराजवळ राहते. तिने ऐकलं, आणि एकच विचारलं, "दारू पिए रिहिस कि नइ?" नव्हता प्यायला, मी म्हटलं. तिने पोराला बाहेरून बोलावून घेतलं आणि मला म्हणाली, याला सांग. पुन्हा सांग.

हे लिहून झाल्यावर मी आधी इंदूला वाचून दाखवलं. मुलं पलीकडच्या खोलीत होती. मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल, नाहीतर म्हणेल, झालं गेलं, कशाला उकरता. ती उठली. चुलीवरचं दूध उतू जायला आलं होतं, ते उतरवलं. भिंतीवरून नजर फिरवली, सगळ्या भिंतींवरून, आज पहिल्यांदा पाहिल्यासारखी.

"मंग आपुन येवढे वर्ष कोणाच्या घरात राहून राहिलो?" तिने विचारलं.

लोक मला विचारतात, तुमचं घर कोणतं, तिकडचं की इकडचं. मी आजवर दोन्ही सांगायचो. तिकडे आता दामाजी आहे आणि तू आहेस, नामदेवा. हे वाचल्यावर तू मला ये म्हणशील का, ठाऊक नाही. इकडे हे क्वार्टर आहे. इंदूच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ती विचारायची थांबलेली नाही.